तोंडावर हात न घेणारा साडू

समोरच्याला आडवं करता येतं पण स्वतःचं तोंड वाचवता येत नाही, असे मोठे बॉक्सर जगात पुष्कळ होऊन गेले. पण त्या सगळ्यांना एका रांगेत उभं केलं तरी माझ्या साडूइतक्या आनंदानं ठोसे खाणारा त्यांत सापडणार नाही. हात कायम कमरेशी, हनुवटी वर आणि चेहऱ्यावर लग्नाला आल्यासारखं हसू. मी त्याच्याच वजनगटात होतो आणि, स्वतःच सांगतो कारण दुसरं कोणी सांगत नाही, माझा बचाव जिल्ह्यात एक नंबर होता. माझं नाक आजही सरळ आहे. त्याचं तीन ठिकाणी वळलंय, आणि घरातली लहानथोर सगळी त्या नाकावरच खूश.

आमची पहिली गाठ जिल्हा स्पर्धेच्या फायनलला पडली. कोल्हापूरच्या लोकांना कुस्ती कळते. बॉक्सिंगही ते कुस्तीच्याच डोळ्यांनी बघतात. तीन फेऱ्या मी कोपरं बरगड्यांना चिकटवून, हात तोंडापुढे धरून एकही धड ठोसा लागू दिला नाही, आणि संधी मिळेल तसे त्याला नेमके मारले. "तोंड का झाकालायस, नवरीगत?" असं मागून कोणीतरी ओरडत होतं. पंचांनी माझा हात वर केला. लोकांनी मात्र रिंगमध्ये चढून फेटा त्याला बांधला, त्याला खांद्यावर घेतलं आणि हलगी वाजवत चौकापर्यंत नेलं. मी पदक खिशात घालून सायकलीनं घरी आलो. आईनं विचारलं, "हरलास व्हय?"

पुढे मी त्याला माझ्या लग्नाला बोलावलं, ही माझ्या आयुष्यातली बचावाची एकमेव चूक. माझं लग्न जमवायला दोन मध्यस्थ आणि सात महिने लागले होते. हा पंगतीत बसला, वाढायला आलेली माझी मेव्हणी बघितली आणि हात धुवायच्या आधीच माझ्या सासऱ्यांना म्हणाला, "मामा, हुपरीत चांदीचं काम हाय, नाक मोडकं हाय, आन् तुमची धाकटी मला आवडली. तिला इचारून सांगा." सासरे पोट धरून हसले. माझ्याशी ते आजवर तसे हसलेले नाहीत.

धंद्यातही तेच. गिऱ्हाईक पैंजण बघत असलं की हा आपणहून सांगणार, "ह्येचं एक घुंगरू सैल बसलंय बघा," आणि गिऱ्हाईक तोच जोड घेऊन वर आणखी एक घेणार. मी कचेरीत प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढून ठेवणारा माणूस. माझ्यावर कधी ठपका आला नाही आणि मला कोणी आपणहून चहालाही बोलावलं नाही. मी त्याच्यावर जळतो, ते लपवत नाही. लपवतो, खरं म्हणजे; इथंच काय ते सांगतोय.

गेल्या वर्षी अकरावीतल्या माझ्या मुलीनं बॉक्सिंग शिकायचं ठरवलं आणि मला सोडून त्याला गुरू केलं, तेव्हा मात्र माझी झोप उडाली. "बाबा, तुम्ही सारखं 'जपून' म्हणता," हे तिचं कारण. दर रविवारी तो हुपरीहून बसनं यायचा, मैदानावर दोघांचं खिदळणं चालायचं, आणि मी ते कुंपणाच्या भिंतीआडून ऐकायचो. पोरगी मनानं त्याची झालीच होती; आता हात खाली सोडून ती चेहराही त्याच्यासारखा करून घेणार, ही धास्ती होती.

महिन्यापूर्वी तिची पहिली लढत झाली. मी बर्फाची पिशवी घेऊनच गेलो होतो. घंटा वाजली आणि तिनं हात वर घेतले. उजवा हनुवटीला चिकटलेला, डावा भुवईच्या रेषेत, मान किंचित खाली. तो माझा बचाव होता, जसाच्या तसा. समोरच्या पोरीला शेवटपर्यंत तिचं तोंड सापडलं नाही.

ती जिंकल्यावर मी साडूला गाठलं. "हे कुणी शिकवलं तिला?"

"तूच की," तो म्हणाला. "फायनलला तीन फेऱ्या तुझ्या हातावरच ठोसं मारत हुतो. दुसरं काय दिसत हुतं मला? समदं पाठ झालंय."

"आणि तुझं का नाही शिकवलंस?"

"माझं पोरीला नको. डाव्या कानानं ऐकू येत न्हाय मला, धा वर्सं झाली." मग शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसांना तो मोठ्यानं म्हणाला, "पावणं, ह्यो पोरीचा बाप. ह्येनं मला हरवलंय."

मी आधी सुखावलो आणि लगेच पुन्हा जळलो. इतक्या वर्षांत त्याच्याबद्दल असं एक वाक्य मला चारचौघांत बोलता आलं नव्हतं. कानाचंही मला माहीत नव्हतं. हाक मारली की ओ देत नाही म्हणून मी त्याला शिष्ट समजत होतो.

संध्याकाळी त्याला सोडायला स्टँडवर गेलो. बाकावर मी मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला बसलो आणि हळूच म्हटलं, "माझ्यापेक्षा तूच मोठा खेळाडू हुतास."

त्यानं मान वळवली. "काय म्हणलास?"

"हुपरीची गाडी लागली म्हणलं."

गाडी लागली नव्हती. पण मी म्हटलं म्हणून तो पिशवी उचलून बघायला गेला.