रजिस्टरमधला पाचवा रकाना

"मॅडम, उतरा खाली!" आमच्या सेक्शनचे बोरकर साहेब खालून ओरडले.

मी लोखंडी शिडीवर, मोठ्या पंख्याच्या बेअरिंगला थरथर मोजायचा प्रोब लावून उभी होते. रीडिंग चांगलं होतं. माझी कंबर मात्र अशी धरली होती की वर जाता येईना, खाली उतरता येईना.

भिलाईच्या प्लांटमध्ये मी व्हायब्रेशन मोजते. मशीन किती थरथरतं ते दर महिन्याला लिहून ठेवायचं. एकट्या रीडिंगला अर्थ नसतो. आकडा चढत चाललाय का, ते बघायचं आणि मशीन मोडायच्या आधी सांगायचं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. मग केमो, रेडिएशन. त्यानंतर बराच काळ ऑफिसात बसवलं होतं. फील्डवर परतून चार महिने झाले होते, आणि आधी बोटं, मग गुडघे, आता कंबर. प्रत्येक कळेसरशी डोक्यात एकच प्रश्न: हाडात तर गेला नाही ना? मी घाबरले होते. इतकी, की कोणाला विचारलंच नाही.

कशीबशी उतरले. साहेब म्हणाले, "उद्यापासून ऑफिसात बसा."

"नाही बसणार."

"मग डॉक्टरले दाखवा. दोन्हीपैकी एक करा. मले बाकी काही ऐकायचं नाही."

घरी, सेक्टर 2 च्या क्वार्टरमध्ये, मला बूट काढता येईनात. नवऱ्याने पाहिलं.

"किती दिवसांपासून दुखून राहिलं?"

"कंबर दीड महिना. बोटं त्याच्या आधीपासून."

"अन् मले आज सांगून राहिली? कावून?"

"तुमी घाबरले असते."

"मंग आता काय नाचून राहिलो का मी?"

मला रडू आलं. रडून झाल्यावर मी रजिस्टर काढलं. चार रकाने आखले: जागा, वेळ, तेव्हा काय करत होते, आणि दुखणं शून्य ते दहा. कॅन्सरच्या डॉक्टरांची वेळ पाच दिवसांनंतरची होती. तोवर सकाळ, दुपार, संध्याकाळ स्वतःचंच रीडिंग घेतलं.

डॉक्टर मॅडमनी पानं उलटली. "बहुत बढ़िया. पर ये बताइए, दर्द शुरू होने से पहले क्या बदला था?"

हा प्रश्न मी प्रत्येक फिटरला सगळ्यात आधी विचारते. तेल बदललं? बोल्ट? फिटर नेहमी म्हणतो, काही नाही. मीही म्हणाले, "कुछ नहीं."

"कुछ नहीं कैसे?" शेजारी बसलेला नवरा म्हणाला. "गोली बदली थी. और बैग."

खरंच होतं. कॅन्सर परतू नये म्हणून घ्यायची हार्मोन रोखणारी रोजची गोळी पाच महिन्यांपूर्वी बदलली होती. या गोळीने सांधे दुखू शकतात, सकाळी जास्त, हालचालीने कमी, असं डॉक्टर म्हणाल्या. रजिस्टर तेच सांगत होतं. आणि ऑपरेशनमुळे डाव्या हाताला सूज येऊ नये म्हणून मी यंत्राची जड बॅग फक्त उजव्या खांद्यावर घेऊन शिड्या चढत होते. एका बाजूला वजन जास्त, याला आम्ही अनबॅलन्स म्हणतो. दुसऱ्यांच्या मशीनमध्ये हा दोष मी सगळ्यात जास्त वेळा पकडला आहे.

"तो जाँच नहीं करनी?" मी आशेने विचारलं.

"करनी है. कमर एक ही जगह दुखती है और नंबर चढ़ रहा है. अंदाज़े पर नहीं छोड़ेंगे."

मीही फिटरला हेच सांगितलं असतं.

स्कॅन झाला. रिपोर्ट यायला तीन दिवस होते. तिन्ही दिवस ड्यूटीवर गेले, पण शिडीखालचेच पॉइंट घेतले. रिपोर्टमध्ये हाडं साफ निघाली, कंबरेचा स्नायू ताणला होता. नवरा हॉस्पिटलच्या बाकावर बसून लहान मुलासारखा रडला. मी त्याला पाणी आणून दिलं.

गोळी मी आपल्या मनाने बंद केली नाही, डॉक्टरांनीच त्याच प्रकारची दुसरी दिली. रोज व्यायाम करते. बॅग आता दोरीला बांधून वर येते. बोटं सकाळी अजून आखडतात, दोन, कधी तीन. लिहून ठेवते.

रजिस्टरमध्ये पाचवा रकाना वाढला आहे: काय बदललं. तो मात्र नवऱ्याच्या अक्षरात आहे. ज्याचं मशीन असतं, तो 'काही नाही'च म्हणतो.