ॲपने ओळखलेला हात

माझी पहिली नोकरी रावेरजवळच्या एका केळीबागेतल्या पॅकहाऊसमध्ये लागली. घड कापायला तयार आहे की नाही, हे फोटोवरून ओळखणारं ॲप शिकवायचं होतं. बरोबर उत्तर सांगायला नाना होते. मूळचे सोनगीरचे, सगळं आयुष्य केळीत गेलेलं. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. सीझन संपला की ते धुळ्याला मुलीकडे राहायला जाणार होते. त्याआधी त्यांची पारख मोबाइलमध्ये उतरावी, अशी मालकांची इच्छा होती.

मी इंग्रजी माध्यमातली, त्यात कमी बोलणारी. नाना सांगायचे, मी फोटो काढून 'तयार' किंवा 'कच्चा' लिहायचे. केळ्याकडे मी नीट पाहतही नव्हते. ते काम ॲपचं होतं.

मालकांसमोर चाचणी झाली तेव्हा नानांनी धरलेला अगदी कोवळा घडही ॲपने तयार ठरवला. नाना बाजूला झाले, तर भरलेला घड कच्चा. कारण लक्षात आलं आणि माझे कान तापले. कच्चा घड नाना दुरूनच ओळखत. तयार वाटला तरच चाचपून तळहात तसाच ठेवत. माझ्या प्रत्येक 'तयार' फोटोत तो हात होता. ॲप केळी नाही, नानांचा हात ओळखायला शिकलं होतं.

खोकी भरणाऱ्या एका मावशींनी पिशवीतलं वांगं नानांच्या हातात दिलं. ॲप म्हणालं, तयार.

"नाना, तुमच्या हातात दगड दिला तरी पिकेल!" मावशी म्हणाल्या.

सगळ्यांत जास्त नानाच हसले. मग माझ्याकडे वळले. "मोबाइल मना हात शिकना. तू काय शिकनी?"



दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "डोया मीट." माझं बोट त्यांनी केळ्याच्या कडेवर ठेवलं. धार लागली की कच्चं, गोल लागलं की भरलेलं. मधल्यासाठी त्यांच्याकडेही शब्द नव्हते. "परत हात लाव," एवढंच. नवे फोटो हाताविना काढले. उत्तर आधी माझं, मग त्यांचं. मी चुकले की ते नुसते खोकायचे.

परवा घड कापणारे भाऊ कोयता घेऊन आले. "नाना, कापू?"

"तिले इचार."

मी इतक्या हळू बोलले की त्यांनी पुन्हा विचारलं.

"नको. अजून चार दिवस."

भाऊंनी नानांकडे पाहिलं. नाना माल न्यायला आलेल्या ट्रककडे बघत राहिले. भाऊंनी कोयता खाली घेतला आणि पुढच्या झाडाकडे गेले.