मिठाची गुळणी

कंटेनरच्या यार्डात मला सगळे ‘चाटू’ म्हणायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, हा साहेबाची चाटतो. तसं असतं तर आज मीही केबिनमध्ये एसीखाली पाय पसरून बसलो नसतो का? नाव पडलं ते खऱ्याखुऱ्या चाटण्यावरून. रंगवायच्या आधी कंटेनर धुऊन झाला की मी पत्र्यावर ओलं बोट फिरवायचो आणि जिभेला लावायचो. खारट लागलं की परत धुवा. फिटर, वेल्डर, पेंटर, सगळे वैतागायचे.

वैतागा! मला काय त्याचं? समुद्रावरून फिरून आलेल्या डब्यावर मीठ बसलेलं असतं आणि ते डोळ्याला दिसत नाही. गंज खरवडला, वर झकास रंग मारला, पण खाली मीठ राहिलं असेल तर ते हवेतलं पाणी ओढत राहतं. रंगाला फोड येतात आणि खालचा पत्रा आतल्या आत सडतो. हे तपासायचं यंत्र असतं म्हणे. आमच्या यार्डात ते कधी आलं नाही, म्हणून माझी जीभ.

ही जीभ बापाची. आता जिथे कंटेनरच्या थप्प्या आहेत, तिथेच आमचं मिठागर होतं. वाफ्यातलं पाणी नुसतं चाखून बाप सांगायचा, आज मीठ धरेल की उद्या. मग जमीन गेली, भराव पडला, यार्ड आलं. जमीन गेलेल्यांच्या घरातला म्हणून मला कामाला घेतलं. बापाने जन्मभर मीठ पिकवलं आणि त्याच जागेवर मी जन्मभर मीठ धुतोय. याला विकास म्हणतात. बाप एकदा बघायला आला होता. रंगवलेल्या डब्यावर हात ठेवून म्हणाला, “पोरा, मीठ पानी वढनारच. वरशी रंग फास नायतर सोनं फास.”

माझी बायको रबाळ्याला एका छोट्या कारखान्यात पॅकिंगला होती. मशीनचे लोखंडी शाफ्ट पुसायचे, तेल लावायचं, तेलाच्या कागदात गुंडाळून पेटीत रचायचे. चौदा वर्षं तेच. हातमोजे घालायची नाही. म्हणायची, मोज्यात कागद घट्ट बसत नाय. गुंडाळलेला एकही शाफ्ट कधी परत आला नव्हता.

मग मालकांना परदेशातली पहिली ऑर्डर मिळाली. त्यांनी तिला बोलावून सांगितलं, हा माल नीट पोचला की पॅकिंगचं सगळं तुमच्या हातात, चार बायका तुमच्या हाताखाली. कोपरखैरण्याच्या आमच्या गल्लीत एक घर सोडलं नसेल जिथे तिने हे सांगितलं नाही. मला म्हणाली, “तुमचे यार्डातला चांगला डबा द्या हां आमचे मालाला. चाखून द्या.”

यार्डाचा मॅनेजर माझा चुलतभाऊ. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो. दादा म्हणून जे काय काय करून घेतो ते शिव्या देऊनही कुणी करून घेतलं नसतं. मी त्याला सांगितलं तर म्हणाला, “वयनीचा माल म्हंजे घरचाच माल. टेन्शन नको घेऊस.”

टेन्शन नको घेऊस! जहाजाला दोन दिवस राहिले आणि यार्डात धड डबा एकही नाही. उरला तो एक. बाहेरून बरा, पण टपावर चढलो तर मागच्या कोपऱ्यात तळहाताएवढा गंज. ब्रश मारला तर पोपडे निघाले. खाली पत्रा राहिलाच नव्हता म्हणा ना. गंजाचीच खपली तेवढी भोकावर बूच मारून बसली होती. बोट लावलं, जिभेला टेकवलं. नुसतं मीठ.

खाली उतरून भावाला म्हणालो, हा तुकडा कापायला लागेल, नवा पत्रा जोडायचा, धुवायचा, वाळवायचा, प्राइमर मारायचा. दोन दिवस तरी जातील.

तो नुसता पुढे झाला. मला घेऊन डब्यात शिरला आणि दरवाजे लावून घेतले. अशी तपासणी असतेच. आत अंधारात उभं राहायचं, उजेडाचा ठिपका दिसला तर भोक आहे.

“दिसतो का उजेड?” अंधारात त्याने विचारलं.

“नाय.”

“मग भोक कुठंय?”

“अरे, खपली हाय त्याच्यावर. समुद्रात हादरे बसले की पडंल ती.”

“पडंल न् नायपन पडायची. पन जहाज चुकलं तर माल इथंच पडून राहनार, ते नक्की. वयनीचा मालक तिला काय बोलंल? तुझ्या जिभेवर मी जहाज थांबवू का, दादा? सही कर.”

खोटं कशाला बोलू, त्याने मानेवर सुरी ठेवली नव्हती. मला बायकोचा चेहरा दिसला. माल अडकला तर तिच्या चार बायका गेल्या, असं वाटलं. आणि नाही म्हटलं तर उद्यापासून भाऊ मला कुठे उभा करेल, तेही वाटलं. कुठलं आधी वाटलं ते आता मला सांगता येत नाही. ‘डबा ठीक’ अशा तपासणीच्या कागदावर मी सही केली. पेंटरने न धुताच त्या जागेवर दोन हात मारले. वरून कीर्तन, आतून तमाशा. ट्रेलरवर चढला तेव्हा डबा इतका देखणा दिसत होता की मी फोटो काढून बायकोला पाठवला. मूर्खासारखा! तिने तो डीपीला लावला.

दीड महिन्याने तिकडून मालकांना फोटो आले. शाफ्ट गंजले होते. डबा रिकामा होऊन केव्हाच पुढे गेला होता, त्याच्या टपाकडे कुणी मान वर करून बघितलंही नाही. मालकांनी बायकोला बोलावलं. आवाज चढवला नाही, तेही तिने मला दोनदा सांगितलं. ते म्हणाले, “ताई, तुमच्या हाताला घाम येतो. घामात मीठ असतं. त्यानेच झालं.” दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या टेबलावर दुसरी बाई होती आणि हिच्या हातात झाडू.

तिने ते फोटो मला मोबाइलवर दाखवले. मी एकेक फोटो बोटाने मोठा करून बघितला. गंज सगळ्या मालाला नव्हताच. मागच्या एका कोपऱ्यातल्या पेट्यांना तेवढा होता. अरे, गुंडाळले सगळेच तिने, मग तिच्या हाताचा घाम त्या कोपऱ्यातच जाऊन बसला का? एवढी साधी गोष्ट ना मालकाला सुचली, ना तिला. मला सुचली.

मी तडक भावाकडे गेलो. म्हणालो, चल माझ्याबरोबर रबाळ्याला, खरं काय ते सांगू. त्याने ड्रॉवरमधून तोच तपासणीचा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. “सही कुनाची हाय, दादा?”

आपलेच दात आपलेच ओठ. मी घरी आलो आणि मिठाची गुळणी धरून बसलो. रोज ठरवायचो, आज सांगतो. तिला सांगायला यार्डाची परवानगी लागत नव्हती की भावाची. पण सांगितलं की ती एकच विचारणार होती: तुमी चाखला होता ना? भित्रा मी. दुसरं काही नाही.

ती मात्र बदलत गेली. दिवसातून दहा वेळा हात धुवायची. तवा, कोयता, दाराची कडी, लोखंडाचं काहीही उघड्या हाताने धरेना. विळीचं पातंसुद्धा फडकं गुंडाळून उघडायची. एका रविवारी दुपारी कोलंबी साफ करायला बसली, फडकं काही सापडेना, तशी पाट सोडून उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात साबणाने धुऊन, पुसून आली होती.

“तुमची जीभ कदी चुकत नाय म्हनतात ना,” ती म्हणाली आणि तळहात पुढे केला. “चाखून सांगा. माजे हाताला लय मीठ हाय का?”

मला वाटलं चेष्टा करतेय. पण तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. चौदा वर्षं लोखंड पुसून गुळगुळीत झालेला तो तळहात माझ्या तोंडासमोर होता. मी जीभ टेकवली. साबण लागला, बाकी काही नाही.

आता सांग, आता सांग, असं आतून कुणीतरी ओरडत होतं.

“हाय,” मी म्हणालो. “थोडं हाय.”

“वाटलंच,” ती म्हणाली. तिने तळहात पदराला पुसला आणि फडकं शोधायला आत गेली.