टाकीमागच्या कळ्या

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. पोटच्या मुलीपाशीही नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट कळत नाही.

शेजारच्या एस्तरताई इथल्याच ज्यू, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. त्यांचे नातेवाईक एकेक करून इस्रायलला गेले, पनवेलात त्या एकट्या उरल्या. माझे यजमान गेल्यावर मीही एकटीच. मग सकाळचा चहा त्यांच्या ओट्यावर, संध्याकाळचा माझ्या. तळोज्याच्या कारखान्यांकडून वास यायला लागला की दोघी एकदमच खिडक्या लावायला धावायचो, आणि मग हसत बसायचो.

हिमाचलच्या सहलीवरून त्यांनी किवीची दोन रोपं आणली. मादी स्वतःच्या अंगणात लावली, नर माझ्या परसात. नराला फळ येत नाही, पण त्याचं फूल मादीच्या फुलावर फिरवल्याशिवाय तिलाही धरत नाही.

"म्हणजे फळं मला आणि खत घालायचं तू," म्हणाल्या.

पनवेलच्या उकाड्यात किवी? सगळे हसले. ताई मासळीबाजारातून बर्फ आणायच्या, थंडीभर वेलाच्या बुंध्याशी ठेवायच्या. "बाळा, हे सिमलाच आहे असं समज," असं त्याला सांगायच्या. अशा बाईवर कुणाचा जीव जडणार नाही?

त्यांची थोरली बहीण दीनाताई तिकडून सारखी बोलवायची — आता ये, मी थकले. ताईंनी तिला ठणकावून सांगितलं होतं, "माझ्या वेलाचं पहिलं फळ खाईन, मगच विमानात बसेन."

आणि चौथ्या वर्षी त्यांचा वेल फुलला. मोजून सहा फुलं! एव्हाना त्यांचे गुडघे दुखायला लागले होते; माझ्या ओट्यापर्यंत कशाबशा यायच्या, पण मागच्या परसापर्यंत येणं जमायचं नाही. ओट्यावरूनच हाक मारली, "सुमन, तुझ्याकडे काही दिसतंय का गं?"

दिसत होतं. पाण्याच्या टाकीमागे, चांगल्या टपोऱ्या कळ्या.

"नाही हो ताई. यंदा नाही."

हे माझ्या तोंडून कसं निघालं? निघालं खरं. मग टाकीमागे गेले आणि एकेक कळी खुडली. त्या गेल्या असत्या — म्हणून. पुढच्या वर्षीही तेच. तेव्हा तर तोंडातून चुकून निघालं असंही म्हणता येणार नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास दीनाताई गेल्या. त्यांच्यात माती लगेच देतात, ताई पोचूच शकल्या नाहीत. त्यांच्या रीतीप्रमाणे सात दिवस घरात खाली बसून राहिल्या. जेवण मी नेत होते. एका दुपारी म्हणाल्या, "फळाच्या नादी लागले गं. माझाच हट्ट नडला."

"ताई —" मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. डोळे सुजलेले.

"वरण वाढू का?" मी विचारलं.

दोन महिन्यांनी ताई इस्रायलला गेल्याच. फळ न खाता. दर शुक्रवारी फोन करतात, माझ्या औषधांची चौकशी करतात.

परवा त्यांनी एक फोटो पाठवला. दीनाताईंची कबर, आणि तिच्यावर भेटायला गेलेल्यांनी ठेवायचे छोटे दगड. खाली लिहिलं होतं — तुझ्या नावाचाही एक ठेवलाय.

मी नमस्काराचे हात पाठवले.