सिंधूताईंचा चुकलेला आकडा

धंतोलीतल्या त्या लॅबमध्ये सिंधूताईंचा मोठा दरारा. बावीस वर्षं रक्त काढतायत. दुसऱ्यांदा सुई टोचायची वेळ आलेली कुणी पाहिली नाही. "माह्या हातचा रिपोर्ट म्हंजे दगडावरची रेघ," हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि अहो, खरंही होतं ते!

एकदा काटोलकडची मिनल आली. चोविशीची पोरगी, बीपी एकशे ऐंशी, जिना चढताना पाय गळायचे. डॉक्टर भैरवीबाईंना संशय मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा. ती बिघडली की पोटॅशियम घसरतं. पण सिंधूताईंनी काढलेल्या रक्तात ते आलं चार पूर्णांक एक, एकदम नॉर्मल. बापानं तिथंच तोंड सोडलं, "पाहा! म्या म्हटलं नोतं? कामाच्या नावानं नाटक करून राहिली!"

पोरगी दोन्ही हात टेकून, कशीबशी खुर्चीतून उठली. सिंधूताईंनी ते पाहिलं आणि त्यांना रक्त काढतानाची गोष्ट आठवली. शीर सापडेना म्हणून मिनल सारखी मूठ उघडझाप करत होती, अन् त्यांनी करू दिली होती. मूठ अशी आवळली की स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं, आकडा फुगतो. नवशिक्यांना हे बजावणाऱ्या त्याच!

गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? पण सिंधूताई सरळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरल्या. "मॅडम, तो आकडा खोटा हाय. चूक माही हाय. पुन्हा घेतो."

या वेळी मूठ मोकळी, दंडावरचा पट्टा पळभरच. आकडा आला दोन पूर्णांक सात, फारच कमी. बापाचा चेहरा उतरला.

पुढच्या तपासण्यांत ग्रंथीवर गाठ सापडली. भैरवीबाईंनी बापाला समजावलं, "पेशीला बारीक दारं असतात. त्यांतून पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं, तोवर पेशी शांत असते. अशा गाठीत पुष्कळदा तेच दार बिघडतं. सोडियम आत घुसतं, मग कॅल्शियमची दारं उघडतात, आणि पेशी कुणी न सांगता हार्मोन ओतत सुटते. त्या हार्मोनमुळे शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीतून घालवतं. म्हणून बीपी, म्हणून पाय गळणं. नाटक नाही हो हे."

गाठ काढली. आता नव्या पोरींना सिंधूताई पहिल्याच दिवशी सांगतात, "माहा एक आकडा चुकला होता, बाप्पा," आणि हे सांगताना त्यांची मान जरा जास्तच ताठ असते. ताठ असायलाच पाहिजे! बावीस वर्षांचं नाव एका वाक्यात पणाला लावायला छाती लागते.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी मिनल दोन मजले एका दमात चढून आली. सिंधूताईंचा हात धरून म्हणाली, "मावशी, तुम्ही चूक कबूल केली नसती तं मी जन्मभर खोटारडी ठरली असती."

सिंधूताईंनी तो हात तसाच धरून ठेवला. बाहेर रांगेतला पेशंट हाका मारत राहिला.