गच्चीवर वाळत घातलेले पाच व्हायोला

व्हायोला म्हणजे काय, हे आमच्या गावात समजावताना मी एकच वाक्य वापरतो. "व्हायोलिनचा मोठा भाऊ." त्यावर लोक विचारतात, "मंग सारे लहान्यालेच काऊन ओळखतात?" मी स्वतः काही आवडीनं व्हायोलाकडे वळलेलो नाही. तरुणपणी नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायला गेलो होतो. तिथल्या प्रमुखांनी माझं वाजवणं ऐकलं, मग माझे हात पाहिले आणि म्हणाले, "हात लांब आहेत. याला तो मोठा द्या." वाजवण्याबद्दल ते काही बोलले नाहीत. पुढेही कोणी बोललं नाही.

नोकरी संपली तसा मी सिंदी रेल्वेजवळच्या आमच्या गावी परत आलो आणि निवृत्त माणसाला जी खाज सुटते ती मलाही सुटली. पोरांना काहीतरी शिकवायचं. नागपुरातल्या एका संगीत संस्थेत सहा व्हायोला धूळ खात पडले होते. व्हायोलिनला रांग, व्हायोलाला कुत्रं विचारत नाही, असा तिथेही प्रकार. तिथे वाद्यं सांभाळणाऱ्या बाईंनी ते सहाही मला वर्षभरासाठी वापरायला दिले. गावातली सहा पोरं मिळाली. चार कास्तकारांची, एक किराणा दुकानदाराचा पोरगा आणि एक पोरगी, जिचे वडील पुलगावला कामाला जातात. समाजभवनात वर्ग सुरू झाला. वाद्यं तिथल्याच कपाटात राहायची. घरी सरावाला न्यायला परवानगी होती, पण नियम एक होता आणि कडक होता. वाद्य गावाबाहेर जाणार नाही.

वर्ष संपत आलं तसा बाईंचा फोन आला. "व्हायोला परत न्यायचे की तुमच्याकडेच ठेवायचे, ते मला आता ठरवायचंय. दुसऱ्या एका शाळेनं मागणी केलीय. उद्या सकाळी येऊन मुलांना ऐकते आणि वाद्यांची अवस्था बघते."

एवढंच होतं. बाई येणार, ऐकणार, जाणार. पण साधी गोष्ट साधी ठेवली तर तो मी कसला? मी म्हणालो, "नुसतं ऐकता काय बाई, आम्ही व्हायोला-दिवसच करतो! अख्खा गाव येईल. मुलं वाजवतील, मग गावातल्या कोणालाही गज हातात धरून बघता येईल, मग तर्री-पोहा."

"छान," बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "वाद्यांना बुरशी वगैरे नाही ना लागली? तुमच्याकडे अवकाळी पाऊस झाला म्हणे."

"छे, छे," मी म्हणालो आणि फोन ठेवून समाजभवनाकडे पळालो.

लागली होती. कपाटाच्या मागची भिंत ओली झाली होती. खोक्यांच्या आतल्या मखमलीवर पांढरी लव आली होती आणि वास असा, की लोणच्याच्या बरणीत तोंड घातल्यासारखं वाटलं. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी.

आता आमच्याकडे कोणत्याही वस्तूला वास लागला, कीड लागली, ओल लागली, तर उपाय एकच. तिला ऊन दाखवायचं. गहू, तुरीची डाळ, गोधड्या, लोकरीचे कपडे, देवघरातली पोथी, सगळ्यांना आम्ही ऊन दाखवतो. आणि एप्रिलमधलं वर्धा जिल्ह्यातलं ऊन म्हणजे नुसतं दाखवायचं ऊन नाही, ते स्वतःच बघून घेतं. मी कपाटातले आणि पोरांच्या घरी नेलेले सगळे व्हायोला गोळा केले. पाच मिळाले. त्या पोरीच्या घरी गेलो, तर तिची आई भांडी घासत होती.

"ते त मावशीकडं गेली, हिंगणीले. बाजा घेऊनच गेली, मास्तर."

"गावाबाहेर? वाद्य घेऊन?"

"मावशीले वाजवून दाखवतो म्हणे. म्या म्हटलं, मास्तर रागावतीन. थे कायची ऐकते!"

मी तिथूनच फोन लावला. पोरगी फोनवर आली आणि मी तिला जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिस्त, विश्वास, जबाबदारी, सगळे मोठे शब्द वापरले. उद्या सकाळी वाद्य घेऊन ये, वर्गातून नाव काढतो म्हणालो. पलीकडून फक्त नाक ओढल्याचा आवाज आला.

घरी बायकोनं गच्चीवर मिरच्या आणि गहू वाळत घातला होता. मी मिरच्या जरा सरकवल्या, एक जुनी गोधडी अंथरली आणि पाचही व्हायोला तिच्यावर ओळीनं झोपवले. तारा सैल करायचं डोक्यात आलं नाही. आलं नाही असंही नाही. आलं, पण पुन्हा सूर लावायचा कंटाळा आला.

"अवो, मिरच्यायच्या बाजूले थे कायले?" बायकोनं विचारलं.

"ऊन दाखवतोय."

"माह्या मिरच्यायले धक्का नका लागू देजा म्हंजे झालं."

मग वरण-भात, वांग्याची भाजी, आणि कूलरसमोर आडवा झालो.

जाग आली ती धाडकन झालेल्या आवाजानं. मग दुसरा. मग तार तुटल्यासारखा लांबलचक टण्ण.

"गच्चीवर वानरं आले वाट्टे!" बायको ओरडली. आम्ही दोघं काठी घेऊन वर धावलो. वानर एकही नव्हतं. पाच व्हायोला होते. पण व्हायोला म्हणून ओळखू यावेत असे दोनच. एकाची मान पुढे वाकून तारांनी धरून ठेवल्यासारखी लोंबत होती. एकाची पाठ कडेनं उघडली होती, फुगलेल्या पोळीचा पापुद्रा सुटावा तशी. सगळ्यांच्या तारांखालच्या घोड्या आडव्या पडलेल्या. या वाद्यांचे सगळे सांधे सरसानं जोडलेले असतात आणि सरस उन्हात मऊ होतो, हे मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे. मी पोरांना पहिल्याच दिवशी ते शिकवलंही होतं.

मी एक उचलला. चटका बसला. उलटा करून बघितला, तर पाठीवरचं व्हार्निश मऊ पडून गोधडीच्या टाक्यांचे ठसे त्याच्यावर उमटलेले. ओळीवर ओळ, अगदी सुबक.

बायकोनं काठी खाली ठेवली. मग म्हणाली, "पोरायले काय सांगान?"

त्या प्रश्नानं मी जो खाली बसलो, तो गव्हातच. माझ्या अब्रूचं मला काही वाटत नव्हतं, ती अशीही फार शिल्लक नाही. पण ती सहा पोरं वर्षभर उन्हातान्हात, शाळा सुटल्यावर, दप्तर न ठेवता येऊन त्या बेसूर खोक्यांमधून हळूहळू सूर काढायला शिकली होती. किराणावाल्याचा पोरगा तर दुकानात बसून तराजूच्या दांडीवर गज फिरवायचा. आणि उद्या बाई वाद्यांची अवस्था बघायला येणार होत्या. दुसऱ्या शाळेचे हात पुढे आलेलेच होते.

शेजारच्या सुताराला बोलावलं. त्यानं पाचही व्हायोला उलटेसुलटे करून पाहिले.

"मास्तर, दरवाजा असता त खिळा ठोकून देल्ला असता."

"खिळा नको रे बाबा."

"मंग पांढरा गोंद लावतो आन् बांधून ठेवू. पण उद्या सकाळी वाजवान त हातात येईन, आताच सांगून ठेवतो."

सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आम्ही पाचही जणांना आवळून बांधलं. मिरच्यांची धूळ वाद्यांच्या पोटात गेली होती. मी प्रत्येक व्हायोलावर वाकलो की शिंकायचो, आणि प्रत्येक शिंकेला जोडलेला सांधा पुन्हा उघडायचा. डोळ्यांतून पाणी येत होतं. सुताराला वाटलं मी रडतोय. त्यानं पाठीवर हात ठेवला. मीही त्याला खरं काय ते सांगितलं नाही, कारण तोवर मलाही नक्की सांगता आलं नसतं.

आणि मग मला युक्ती सुचली. माझ्या आयुष्यातली सगळी मोठी नुकसानं याच वाक्यानं सुरू झालेली आहेत.

सकाळी समाजभवन भरलं. खरंच भरलं. बाया आल्या, म्हातारे आले, किराणावाला दुकान बंद करून आला. तर्रीचा वास दाराबाहेर सुटला होता. मागच्या खोलीत मी पोरांना कोंडाळ्यात घेतलं आणि ट्यूब बांधलेले व्हायोला त्यांच्या हातात दिले. त्यांचे चेहरे मी विसरायचा प्रयत्न करतो आहे.

"सर, माह्यावाल्याले काय झालं?"

"थोडं लागलंय. ऐका. आज फक्त एकच जण खरं वाजवेल. बाकीच्यांनी गज तारांवर टेकवायचा नाही, वरच्यावर फिरवायचा. कळणार नाही कोणाला."

"पण सर, कोन वाजवनार?"

तेवढ्यात ती आली. हिंगणीहून पहिल्या गाडीनं, धापा टाकत. व्हायोला खताच्या स्वच्छ धुतलेल्या पोत्यात गुंडाळून छातीशी धरलेला. मला बघून ती दारातच थांबली.

"सर, नाव काटू नोका. म्या फक्त मावशीले दाखवलं. एकच डाव."

मी पोतं उघडलं. व्हायोला जसाच्या तसा. सूरसुद्धा लागलेला. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण पोरं बघत होती. मी फक्त म्हणालो, "बरं. यावेळी माफ." काय पण माझी ऐट!

पोरं लोकांसमोर ओळीनं उभी राहिली आणि बाई आल्या. पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती. पण त्या बसल्याच नाहीत. थेट मुलांकडे चालत आल्या.

"आणा, मी सगळ्यांचा सूर लावून देते. एवढ्या लोकांसमोर मुलं घाबरतात."

माझ्या युक्तीचं आयुष्य एवढंच. त्यांनी किराणावाल्याच्या पोराच्या हातातला व्हायोला घेतला, ट्यूबच्या पट्ट्यांकडे बघितलं, मग उलटा केला.

"ही नक्षी कसली?"

बायको म्हणाली, "गोधडीची हाये, बाई." आमच्या घरात खोटं बोलायचं खातं एकट्या माझ्याकडे आहे.

बाईंनी पाचही पाहिले. प्रत्येकाला हात लावताना त्यांचा चेहरा असा होत होता, की मला त्यांनी ओरडावं असं वाटायला लागलं. त्या ओरडल्या नाहीत. शेवटी त्या पोरीपाशी आल्या. तिचा पाहिला, तार छेडली.

"हा एकच कसा चांगला राहिला?"

मी म्हणालो, "हिनं माझा नियम मोडला, म्हणून."

मागून एक म्हातारा ओरडला, "मास्तर, आता सुरू करा ना जी! का पोहेच खाऊन जावं?"

मी काही बोलणार तोच त्या पोरीनं व्हायोला खांद्याला लावला आणि सुरू केलं. भूप रागातली आमची साधी चाल. दोन ओळी वाजवल्या आणि व्हायोला शेजारच्या पोराच्या हातात दिला. त्यानं पुढच्या दोन वाजवल्या. मग पुढच्यानं. कोणी सांगितलं नव्हतं. ज्याच्या हातात नसेल तो तोंडानं सूर धरत होता. व्हायोला एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये खंड पडायचा, तेव्हा फक्त ते गुणगुणणं ऐकू यायचं. किराणावाल्याचा पोरगा चुकला, परत मागे गेला, नीट वाजवून मगच त्यानं पुढे दिला.

"एकच बैल आन् सहा जन हाकून राह्यले का?" तोच म्हातारा म्हणाला. लोक हसले. पण उठलं कोणी नाही.

नंतर गावातल्या लोकांनी गज धरून बघायचा कार्यक्रम होता. एकाच व्हायोलासमोर रांग लागली. बाई त्या पोरीच्या बाजूला उभ्या राहून एकेकाच्या बोटांना वळण देत होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पोहे उभ्यानंच खाल्ले.

निघताना त्यांनी पाचही मोडके व्हायोला गाडीच्या मागच्या सीटवर ठेवायला सांगितले.

"दुरुस्त होतील?" मी विचारलं.

"तीन होतील बहुतेक. बाकी दोनांचं सांगता येत नाही."

"आणि मग परत मिळतील?"

त्यांनी गॉगल पुसला. "संस्थेला काय सांगू मी? तुम्हीच सांगा. मुलं चांगली आहेत म्हणून सांगेन, ते खरं आहे. पण पाच वाद्यं मिरच्यांसोबत वाळत घातली, हेही खरंच आहे." मग पोरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तो सहावा तूर्त इथेच राहू दे. पण हिच्या घरी. तुमच्याकडे नाही."

गाडी उन्हात उभी होती. सहाही पोरं काचेला नाक लावून आत बघत होती. बाईंनी गाडी सुरू केली, तसा किराणावाल्याच्या पोरानं खिडकीवर टकटक केलं. बाईंनी काच खाली घेतली.

"मॅडम, रस्त्यात चहाले थांबसान त गाडी सावलीत लावजा. मांगं ऊन लागते."

बाईंनी मान डोलावली आणि सीटवरची आपली ओढणी काढून मागे त्या व्हायोलांवर पांघरली. गाडी सिंदीच्या रस्त्याला लागेपर्यंत पोरं हलली नाहीत.

त्याला आता बरेच दिवस झाले. बाईंचा फोन आलेला नाही. मी केला, तर "अजून बैठक व्हायचीय" एवढंच उत्तर मिळालं. वर्ग त्या पोरीच्या घरी, ओसरीवर भरतो. एक व्हायोला, सहा पोरं. तिची आई तो लोखंडी पेटीतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेला काढते, पोरीच्या हातात देते आणि माझ्याकडे बघून म्हणते, "मास्तर, तुमी तिकडं बसा जी. दुरूनच सांगा."

मी दुरून सांगतो. मध्येच माझ्या खिशातला फोन वाजतो, आणि गज थांबतो. सहाही जण माझ्या तोंडाकडे बघतात. मी नंबर बघतो आणि नाही म्हणून मान हलवतो. मग ज्याच्या हातात व्हायोला असतो, तो ओळ पुन्हा पहिल्यापासून धरतो.