करडई म्हणून नोंदलेली तेंगारीन्या

अर्जदार : मी स्वतः. वय एकावन्न. शिक्षण इयत्ता नववी पास, मराठी व इंग्रजी टंकलेखन परीक्षा उत्तीर्ण. व्यवसाय पूर्वी सोलापूर जिल्ह्यातील एका तहसील कचेरीबाहेर अर्जलेखन, हल्ली कॅनडातील ग्वेल्फ येथील खाद्यपदार्थांच्या कारखान्यात पॅकिंग.

जिच्या वतीने अर्ज केला ती : माझी शेजारीण. वय त्र्याहत्तर, विधवा, मूळ राहणार दक्षिण पोर्तुगाल.

घटनेचे ठिकाण : ग्वेल्फपासून अर्ध्या तासावरील एका लहान गावातले तिचे परसदार. काळ : दोन हजार दहाच्या जवळपासचा एक जुलै महिना.

साक्षीदार : एक निवृत्त डॉक्टर, त्यांच्या सौभाग्यवती, आणि मूळचे पुण्याचे एक सॉफ्टवेअर इंजिनियर, ज्यांनी करडई फक्त तेलाच्या डब्यावर पाहिली होती.

कोणाचेही नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. साक्षीदारांची नावे पूर्वी एकदा मी माझ्या अर्जाखाली घेतली, त्याचे काय झाले ते पुढे येतेच.

कॅनडात आल्यावर माझी विद्या वाया जाईल असे नातेवाइकांना वाटत होते. तसे झाले नाही. अर्ज ही गोष्ट सर्व देशांत लागते. आई-वडिलांना व्हिजिटर व्हिसावर बोलावणे असो, घरमालकाने बेसमेंटमधील हीटर दुरुस्त न करणे असो, शनिवारी सकाळी माणसे माझ्याकडे येत. माझे इंग्रजी बोलताना अडखळते, परंतु कागदावर त्याला चांगला ताठा येतो. “ऑनलाइन अप्लाय करता येतं की काका,” असे मुले म्हणत; तरी कागद मात्र माझ्याकडूनच तपासून नेत.

माझ्या शेजारणीच्या परसात, दक्षिणेच्या कुंपणालगत, दहा-बारा हात लांबीचा एक वाफा होता. त्यात काटेरी झाडे होती. पहिल्या वर्षी पाने जमिनीला चिकटून चक्राकार पसरत. पांढऱ्या शिरांची, कडेला काट्यांची. हिवाळ्यापूर्वी ती त्यांवर पेंढा टाकी आणि वर बर्फ साचू देई. दुसऱ्या वर्षी कमरेएवढा दांडा येई आणि जुलैत पिवळीधमक फुले लागत. बी धरले की ते झाड संपले; पुढचा संसार बियांवर. हे बी तिच्या नवऱ्याने, तो लग्नानंतर पहिल्यांदा गावी गेला तेव्हा, कोटाच्या अस्तरात आणले होते. नवरा गेला, वाफा राहिला.

मी तो वाफा कुंपणावरून पाहिला आणि त्याच क्षणी ठरवले, की ही करडई. आमच्या भागात ज्वारीच्या रानाला करडईची कड असे. काटे तसेच, फूल तसेच पिवळे. वसंतात ती बाई कोवळी पाने तोडताना दिसली तेव्हा तर शंकाच उरली नाही. बर्फ शोव्हल करताना घालायचे जाड हातमोजे घालून ती पानाच्या दोन्ही कडा एका ओढीत सोलून काढी आणि मधली शीर तेवढी ठेवी. ती शीर उकडून, लसूण आणि जिरे घालून, पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांबरोबर शिजवलेला एक वाडगा तिने कुंपणावरून माझ्या पत्नीला दिला. मी एक घास खाल्ला आणि मला आईच्या हातची करडईची भाजी आठवली. चव थोडी निराळी होती. ते घेवड्यामुळे असेल असे मी समजलो.

जुलैच्या सुरुवातीस तिच्या दारावर गावाच्या कार्यालयाची नोटीस लागली. परसात काटेरी तण वाढू दिल्याची तक्रार आली होती. दहा दिवसांत ते मुळासकट काढावे, अन्यथा कार्यालय काढील. ती नोटीस घेऊन ती माझ्याकडे आली.

“सेन्योर, महिनाभर हवा,” ती म्हणाली. “फक्त एक महिना. बी अजून हिरवं आहे. आता कापलं तर संपलं.”

“आजी, महिना कशाला,” मी म्हणालो, “मी हे प्रकरणच निकाली काढतो.”

मी चार पाने अर्ज लिहिला. सदर वनस्पती तण नसून करडई नावाचे तेलबियांचे मान्यताप्राप्त पीक आहे, हे मी नि:संशय शब्दांत मांडले. तिचे तेल, तिची पालेभाजी, तिच्या फुलांचा रंग, सर्व उपयोग क्रमाने दिले. अर्ज तिच्या नावाने केला आणि तिची सही घेतली. तिने अर्ज वाचला नाही. माझ्यावर विश्वास होता.

तेवढ्याने भागण्यासारखे नव्हते. कचेरीबाहेरच्या माझ्या उमेदवारीत मी एक पद्धत शिकलो होतो : वस्तुस्थिती जितकी साधी, तितके साक्षीदार जास्त घ्यावेत. म्हणून रविवारी मराठी मंडळींना चहाला बोलावले. डॉक्टर एकोणीसशे सत्तरच्या सुमारास येथे आलेले. त्यांच्या सहीला वजन होते. इंजिनियरने उभ्याउभ्या सही केली. डॉक्टरांच्या सौभाग्यवती परभणीकडच्या. त्या कुंपणापाशी गेल्या, वाकून एक पान तोडले आणि परत आल्या.

“भाऊजी, ह्याला चीक आला हो. पांढरा. माझ्या माहेरी आम्ही पदर भरभरून करडईचा पाला खुडायचो, हाताला चीक कधी लागला नाही.”

“वहिनी, इथली माती निराळी, थंडी निराळी,” मी म्हणालो. “पाच महिने बर्फाखाली राहिल्यावर झाडात फरक पडणारच.”

“आमचे हे चाळीस वर्षं बर्फात राहिले, त्यांच्यात काही फरक पडला नाही.”

डॉक्टर हसले. “करून टाक ना सही. वीड आहे की व्हेजिटेबल, तुला काय करायचंय?”

“तुम्ही कधी खुडली होती का करडई, भाऊजी?” वहिनींनी मला विचारले.

मी पेन पुढे केले. करडई आई खुडत असे. मी ती फक्त खाल्ली होती. वहिनींनी सही केली, पण पेन परत देताना माझ्याकडे पाहिले नाही.

नोटिशीच्या आठव्या दिवशी तपासनीस आला. उंच, सभ्य मनुष्य, हातात माझा अर्ज. त्याने एक दांडा मोडला, बोटावर आलेला चीक पाहिला आणि फूल उघडून मला दाखवले. करडईची फुले बारीक दोऱ्यांच्या झुबक्यासारखी असतात. याच्या पाकळ्या चपट्या, पट्टीसारख्या, टोकाला दातेरी. दांड्यावरून पानांच्या कडा काटेरी पंखांसारख्या खाली उतरल्या होत्या. करडईचा दांडा गुळगुळीत असतो.

“ही सॅफ्लॉवर नाही,” तो म्हणाला. “मग काय आहे?”

करडईपलीकडे मला नाव माहीत नव्हते. शेजारणीने माझ्याकडे पाहिले, कारण मीच तिला सांगितले होते की बोलणे माझ्यावर सोपवावे.

“अर्जात माहीत नाही असं लिहिलं असतं,” तो म्हणाला, “तर मी नमुना विद्यापीठाकडे पाठवला असता. उत्तर यायला महिना लागतो. तोवर हात लावता येत नाही. पण इथे खात्रीनं लिहिलंय, तीन साक्षीदार आहेत, आणि ते खोटं आहे.” त्याचा आवाज चढला नव्हता. त्याने अर्जावर शेरा लिहिला : अर्जदार महिलेने वनस्पतीबाबत असत्य माहिती दिली.

एक महिना तिने मागितला होता. खरे लिहिले असते तर तोच महिना तिला नियमाने मिळत होता.

दोन दिवसांनी माणसे आली आणि वाफा खणून गेली. जाण्यापूर्वी त्यांनी तिला फुलांचे दांडे उचलू दिले. ते तिने गॅरेजमध्ये उलटे टांगले. मी मदतीला गेलो तेव्हा ती स्टुलावर बसून काटे वेचत होती.

“माफी मागायला आलोय, आजी.”

“बस. मोजे घाल आधी.” मी मोजे घातल्यावर ती म्हणाली, “एवढी पानं लिहिलीस माझ्यासाठी. मला एकदा विचारायचंस ना, हे काय आहे म्हणून.”

तेव्हा विचारले. तेंगारीन्या, ती म्हणाली. तिच्या गावाकडे पडीक रानात, रस्त्याच्या कडेला आपोआप येते. गुरे खातात, आणि वसंतात बायका सोलून जुड्या बांधून बाजारात विकतात. वाईट वर्षांत तिची आई मुळ्या भाजून, दळून त्याची कॉफी करी. फुलांच्या पाकळ्या लबाड व्यापारी केशरात मिसळत. हे सर्व ती विचारले असते तर आठ दिवस आधी सांगू शकली असती. पुढे वाचनालयात मी शास्त्रीय नाव शोधले : स्कॉलिमस हिस्पॅनिकस, चिकोरीच्या गोतातली, म्हणून चीक. नोटिशीला जोडलेल्या तणांच्या यादीत ते नाव कोठेही नव्हते.

टांगलेल्या दांड्यांतून जे थोडे बी पिकले ते तिने काचेच्या बरणीत ठेवले आहे. मुलगी तिला आपल्याकडे, टोरांटोजवळच्या व्हिटबीला, बोलावते. ती जात नाही. परसात काटेरी काही लावण्यास तिला आता मनाई आहे. तिने गावाच्या सामाईक बागेत एक वाफा मागितला, तोही नाकारला गेला. कारण म्हणून तोच शेरा दाखवण्यात आला. डॉक्टरांच्या सौभाग्यवती मला म्हणाल्या, “भाऊजी, आता एक अर्ज खरा लिहा.” तो मी लिहिला आहे. यावेळी अर्जदार मी आहे, सही माझी आहे, आणि साक्षीदार फक्त वहिनी आहेत. त्यांनी स्वतः वाचून, दोन ठिकाणी दुरुस्ती करून सही केली. त्याचा शेवट येथे उतरवीत आहे.

सबब विनंती, की पूर्वीच्या अर्जावरील असत्य विधान सदर महिलेच्या नावावरून काढून माझ्या नावावर नोंदवावे; ती काही बोलली नव्हती, मी बोललो होतो. वनस्पतीचे खरे नाव व वर्णन सोबत जोडले आहे. तिला सामाईक बागेत एक वाफा द्यावा, कडेचा, लोकांच्या पायाला काटे लागणार नाहीत असा. बी जुने होत चालले आहे आणि दर हिवाळ्यागणिक त्यातले थोडेच उगवण्याजोगे राहते. म्हणून जे काही उत्तर असेल ते लेखी, आणि बर्फ वितळण्यापूर्वी मिळावे.